दुसरीच्या वर्गातला त्रेचाळिसावा बाक

डेट्रॉइट, ४ एप्रिल १९८९

ती. हेलाताईस,
तेरेसाचा सा. न. वि. वि.

माझे गुडघे आहेत तसेच आहेत, तेव्हा त्यांची चौकशी नको. आपलं संत किंगाचं चर्च जूनअखेर बंद होणार, हे आता नक्की झालं. रविवारच्या मिस्साला आम्ही एकतीस जणं असतो, त्यातली सहा डुलक्या घेतात. शेवटच्या मिस्सासाठी चर्चचा आणि शाळेचा इतिहास लिहायचं काम फादरांनी माझ्या गळ्यात मारलंय.

आजोबांनी मोटारींच्या कारखान्यातली पाळी संपल्यावर चर्चसाठी विटा वाहिल्या, ते लिहिलं. शाळेत शिकवायला सिस्टर आल्या तेव्हा घराघरांतून पलंग नेऊन दिले, तेही लिहिलं. एकाहत्तर साली पोरंच उरली नाहीत म्हणून शाळा बंद पडली, हे लिहिताना मात्र हात थकला. म्हणून शेवटी एक गोड वाक्य टाकलं, की या शाळेचं दार सगळ्यांना उघडं होतं.

टायपिंग व्हर्नेल टिब्ज करते. कोपऱ्यावरच्या काळ्या कुटुंबातली, लहानपणापासून मिस्साला आईबरोबर अगदी मागे बसायची. आता ऑफिस तीच सांभाळते. तिची कधी चूक होत नाही, पण या वेळी ते वाक्य गाळून तिने जागा कोरी ठेवलीय. विचारलं तर म्हणाली, मिसेस पिओंतेक, ते मला टाइप करवत नाही, तुमच्या बहिणीला विचारा. तीस वर्षं दुसरीचा वर्ग तुझ्याकडे होता. काय ते कळव.

चर्च गेलं तरी माझ्यावरचा लोभ जाऊ देऊ नकोस.
तुझी तेरेसा

*

मठ, विस्कॉन्सिन, ११ एप्रिल

चि. तेरेसास अ. उ. आ.

व्हर्नेलला विसरायचा प्रयत्न मी छत्तीस वर्षं केला. जमलं नाही.

सन त्रेपन्नचा सप्टेंबर. तेव्हाच्या फादरांनी मला बजावलं, की उद्या एक काळी बाई मुलीला घेऊन येईल, तिला जागा नाही म्हणून सांगा. वर्गात मुलं बेचाळीस आणि बाक त्रेचाळीस. खोटं बोलणं पाप, हे मीच रोज पोरांना शिकवत होते. म्हणून शाळा सुटल्यावर शिपायाचा स्क्रूड्रायव्हर घेतला, जमिनीला पक्का केलेला तो बाक उखडला आणि तळघरात ओढत नेला. सकाळी ती आई मुलीचा हात धरून दारात उभी राहिली. मी सांगितलं, जागा नाही. ते खरं होतं. मला तेव्हा अगदी हलकं वाटलं होतं, तेरेसा, याचीच आज सगळ्यात लाज वाटते.

तुझं ते गोड वाक्य खोडून टाक. हे पत्र व्हर्नेलला वाचायला दे.

प्रार्थनेत आठवण ठेव, माझा राग आला असला तरी.
हेला (सिस्टर बोनिफात्सिया)

*

डेट्रॉइट, २० एप्रिल

ती. हेलाताईस सा. न.

राग आलाय. पत्र चार दिवस पर्समध्ये घेऊन हिंडले. एकदा वाटलं फाडून टाकावं, आता कुणाला काय पडलंय. मग दिलं.

व्हर्नेलने ते उभ्यानेच वाचलं. म्हणाली, हे मला माहीत होतं. तिच्या आईने त्याच दिवशी घरी जाऊन सांगितलं होतं, की बाकांच्या रांगेत एक मोकळी जागा होती आणि तिथे जमिनीला ताजी भोकं होती. तरी पुढच्या रविवारी आई तिला घेऊन मिस्साला आलीच. चर्च काही त्या सिस्टरच्या बापाचं नाही, असं आईचं म्हणणं होतं. आई जाऊन बारा वर्षं झाली.

मग ती मशीनवर बसली आणि कोऱ्या जागेत टाइप केलं: ‘सप्टेंबर १९५३ मध्ये ओरा टिब्ज आपल्या मुलीला दुसरीत घालायला आल्या. जागा होती. त्यांना नाही म्हणण्यात आलं.’ हे बरोबर आहे का, एवढं तुला विचारायला सांगितलंय. फादर म्हणतात, समारंभाच्या दिवशी कशाला. मी म्हटलं, दुसरा दिवस आता आहेच कुठला.

तब्येतीला जप. मी अजून रागातच आहे.
तेरेसा

*

विस्कॉन्सिन, २५ एप्रिल

चि. तेरेसास अ. उ. आ.

व्हर्नेलला सांग, एक चूक आहे. ‘नाही म्हणण्यात आलं’ असं नको. नाही सिस्टर बोनिफात्सियाने म्हटलं. तिथे माझं नाव घालायला सांग.

लोभ उरला असेल तेवढा राहू दे.
हेला