बाबांचे कापलेले केस

प्रिय मागाझू,

त्या दूरच्या शाळेत तुला एडिथ म्हणतात, असं सरकारचे एजंटसाहेब सांगत होते. मी कुठल्या एडिथला ओळखत नाही, म्हणून हे पत्र मागाझूलाच लिहितेय, आणि आपल्या लाकोटा बोलीत लिहितेय. पाद्रीबाईंनी मला अक्षरं शिकवली ती बायबल वाचायला. त्यांचा हा उपयोग केलेला कळला तर बाई जेवणार नाहीत. कुठे अडखळलीस तर मोठ्यानं वाच, कानाला आपोआप आठवेल.

वाईट बातमी आधीच सांगते, मला ती धरून ठेवता येणार नाही. आपला दादा गेला. तुमच्या शाळेनं त्याला 'हवापालटासाठी' घरी पाठवला, तेव्हा आगगाडीतून बाबांनी त्याला उचलून उतरवलं. इतका मोठा मुलगा आणि बाबांना त्याचं ओझं झालं नाही. रानचेरी काळ्या पडतात त्या महिन्यापर्यंत त्यानं तग धरला. खोकला थांबला की तुझ्याच गोष्टी काढायचा, तू स्वयंपाकिणीची नक्कल कशी करतेस ते सांगून आईला हसवायचा. मी लगेच एजंटकडून शाळेला निरोप धाडला होता. पण पोरांचं मन अभ्यासातून उडतं म्हणून असे निरोप ते देत नाहीत म्हणे. तुला कळलेलंच नसणार.

तो गेला त्याच दिवशी बाबांनी दोन्ही वेण्या सुरीनं कापल्या. मग आईनं कापले, मग मी. याचा अर्थ तुला लिहून सांगावा लागतोय याचाच मला संताप येतो. तिथे पहिल्या दिवशीच सगळ्या पोरांना रांगेत बसवून भादरतात. तू तेव्हा एवढीशी होतीस, म्हणून विसरली असशील. आपल्यात घरातलं माणूस गेल्याशिवाय केसांना सुरी लागत नाही. आईनं रीतीप्रमाणे घरातलं सगळं वाटून टाकलं, गोधड्या, किटली, दादाचा तांबडा घोडासुद्धा. अशा वाटण्यावर सरकारची बंदी आहे, म्हणून एजंट तावातावानं आला. "उद्या माझ्याच दारात पीठ मागायला याल!" आई म्हणाली, "येईन की. आमच्याच जमिनीच्या बदल्यातलं पीठ आहे, लाजायचं कशाला?" दुभाषी मीच. मी जरा सौम्य करून सांगितलं, तर आई माझ्यावरच डाफरली, "एवढंसंच? मी याहून जास्त बोलले होते!"

पानगळीला एक फोटोवाला आला. शिधा वाटायच्या कोठाराशेजारी त्यानं तंबू ठोकला. तिपाईवर डबा, वर काळं फडकं आणि सोबत एक पेटी. पेटीत पिसांचा भला मोठा टोप. येईल त्याच्या डोक्यावर तोच टोप घालायचा आणि फोटो काढायचा. एकेक पीस लढाईत कमवावं लागतं, हे त्याला कोण सांगणार? आपला लंगडा-बगळा काका, जो आयुष्यभर घोड्यांना पाणी दाखवत राहिला, तोही टोप घालून छाती काढून बसला. काकू तंबूच्या दारातून ओरडली, "अहो शूरवीर, कुठली लढाई जिंकलात? शिध्याच्या रांगेतली का?" काकाला हसू आवरेना, हलल्यामुळे फोटोत त्याचं तोंड नुसतं धुरकट उमटलंय.

बाबांना त्या तंबूत जायचंच नव्हतं. पण तुला भेटायला यायचं तर सरकारनं आपल्याला नेमून दिलेली हद्द सोडायचा परवाना हवा, आणि तो एजंटच्या हातात. तो म्हणाला, आधी फोटोला बस, सांगतील तसा बस, मग परवान्याचं बघू. दादा गेल्यापासून बाबांच्या मनात एकच होतं, तुला घरी आणायचं. म्हणून गेले.

फोटोवाल्यानं बाबांचं डोकं पाहिलं आणि त्याचं तोंडच उतरलं. "अशा बोडक्या रेड इंडियनचा फोटो विकत कोण घेणार?" म्हणत त्यानं पेटीतून घोड्याच्या केसांच्या दोन वेण्या काढल्या, लाल फडक्यात गुंडाळलेल्या. मी बाबांना सांगितलं. नाही म्हटलं तर परवाना गेला, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. बाबांनी शांतपणे त्या वेण्या घेतल्या, उठले, आणि तिपाईवरच्या डब्यालाच दोन्ही बाजूंनी नीट लटकवल्या. म्हणाले, "त्याला सांग, यालाच शोभतात. याच्या घरात कुणी मेलेलं नाही." या वेळी मी शब्दही गाळला नाही. फोटोवाला लालेलाल झाला, पण उजेड उतरत चालला होता आणि डब्यात फोटोची काच लावून झाली होती. त्यानं चिडून फडक्यात डोकं खुपसलं.

तसेच बसले बाबा. कुणीतरी दिलेला काळा कोट, कानापर्यंत कापलेले केस, आणि मांडीवर कातड्याची छोटी गुंडाळी. तिच्यात दादाच्या केसांची बट आहे. वर्षभर ती घरात मानानं ठेवायची असते. त्यालाही बंदी आहे, म्हणून आई एजंटची चाहूल लागली की ती गोधडीखाली घेते. आणि बाबा ती सरळ एजंटच्या नाकासमोर घेऊन बसले. फोटोवाल्याला वाटलं तंबाखूची पिशवी.

आता पुढचं ऐक, कारण इथेच माझं डोकं फिरलंय. फोटो छापून आला तेव्हा एजंट तो हातात धरून नाचायचाच बाकी होता. कोट घातलेला, केस कापलेला म्हातारा! बाबांचं नाव घेऊन "दोनदा-परतला सुधारला!" असं त्यानं कचेरीभर सांगितलं. मी म्हटलं, साहेब, तो दुखवटा आहे, त्यांचा मुलगा गेलाय. तर म्हणतो, "कारण काही असो, केस गेले ना?" आणि लगेच परवान्यावर शिक्का मारला.

हे सगळं तुला एवढ्यासाठी लिहिलं. तुमच्या शाळेच्या मोठ्या समारंभात तो फोटो भिंतीवर लावणार आहेत. बाबांना त्याखाली उभं करणार आहेत, आणि पाहुण्यांसमोर तू एक कागद वाचणार आहेस. त्यात लिहिलंय की माझ्या वडिलांनी जुनं सगळं टाकून स्वखुशीनं केस कापले. तो कागद एजंटनंच मला कौतुकानं वाचून दाखवला. समारंभ नीट पार पडला तर तुला बाबांबरोबर घरी सोडतील, असंही म्हणाला. तुम्हाला एकटं बसू देणार नाहीत, आणि आपल्या बोलीत बोललं तर शिक्षा तुला होते. म्हणून हे पत्र मी बाबांच्या कोटाच्या अस्तरात शिवलंय, ते तुझ्या हातात सरकवतील. बाबा म्हणाले, "तिला खरं कळू दे, मग तिला वाटेल ते ती बोलेल." मी बाबांइतकी भली नाही, मी सरळ सांगते, तो कागद वाचू नकोस. उभी राहा, फोटोत बाबांच्या मांडीवरच्या गुंडाळीकडे बोट दाखव, आणि त्यांच्याच भाषेत सांग की हा माझा भाऊ आहे, तो तुमच्या शाळेतून मरायला घरी आला, आणि हे केस त्याच्यासाठी कापलेत. मग कदाचित तुला सोडणार नाहीत. मी आईला हे विचारलं, मागाझू, विचारल्याशिवाय लिहिलेलं नाही. ती म्हणाली, "उशिरा येऊ दे. पण तोंडानं ते खोटं बोलून नको येऊ दे."

तुझीच ताई,
तशीना