ह्यांची लस

३ ऑक्टोबर, रविवार

शाळेच्या फळ्यावर लिहिलंय – सव्वीस तारखेला लशीची गाडी येणार, साठीच्या पुढच्यांना आधी. चर्चहून परतताना सगळ्या बायका फळ्यापाशी थांबल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. वाचता येतं ना मला! वाचून दाखवलं. तेक्ला म्हणाली, ते समजलं, आता घ्यायची की नाही ते सांग.

मी काय सांगू? जुलैत ह्यांना मीच पाठवलं होतं. रोज पेपर वाचून दाखवून, मागे लागून. तालुक्याच्या दवाखान्यात गेले, दंड चोळत परत आले, आणि त्याच आठवड्यात ताप. मग दम. मग हॉस्पिटल. मग पांढऱ्या झग्यातल्या माणसांनी पेटी उतरवली आणि आम्ही लांबून बघितलं.

लशीनं नेलं, की लस घ्यायच्या आधीच रोग आत शिरला होता? रोज एकदा इकडे वाटतं, एकदा तिकडे.

वन्सं फळ्यापाशी थांबल्याच नाहीत. तशाच पुढे गेल्या.

४ ऑक्टोबर

पुन्हा तिघांपुरतं मक्याचं पीठ घेऊन सादझा रांधला. उरलेला वन्संनी कोंबड्यांना घातला.

७ ऑक्टोबर, गुरुवार

प्रार्थना झाल्यावर नेहमीप्रमाणे पेपर वाचला. चर्चच्या महिला मंडळाचे लाल ब्लाऊज घालून सगळ्या गोल बसल्या होत्या, भुईमुगाच्या शेंगा सोलत. वाचून संपलं आणि भांडण सुरू झालं.

एस्टेलीच्या भाच्यानं फोनवर कुणाचा तरी आवाज पाठवला होता. तिनं तो सगळ्यांना ऐकवला – लस घेणारे सगळे दोन वर्षांत मरणार. तेक्लानं मुलीकडे राहून दोन्ही डोस घेतलेत, ती बाही वर करून सगळ्यांना दंड दाखवत होती. म्हणाली, "दोन वर्षं? मी तर हा मका निघेपर्यंतचंच धरून चालले होते. माझा फायदाच झाला."

सगळ्या हसल्या. वन्सं हसल्या नाहीत. "माझ्या भावाला दोन आठवडेही मिळाले नाहीत," म्हणाल्या.



मग एस्टेलीच म्हणाली, फुंगायची आई घेणार असेल तर आम्ही घेऊ, ती घेणार नसेल तर नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. म्हणजे सगळ्यांचं माझ्यावर आलं. वन्सं म्हणाल्या, तिला कशाला विचारता, तिच्या पेपरनंच तर खाल्ला माझा भाऊ.

घरी येताना चढावर वन्सं दोनदा थांबल्या. चुलीच्या धुरानं छाती कधीच गेली आहे त्यांची. तेक्ला म्हणते, नाताळापर्यंत आजाराची आणखी एक लाट येणार. ह्यांची छाती धडधाकट होती, तरी गेले. वन्संना ती लाट गाठली तर? आणि लशीनं काही झालं तर? दोन्हीकडून मीच.

१० ऑक्टोबर, रविवार

कबरीपाशी झाडून आले. ह्यांना फळ्यावरचं सांगितलं.

फुंगायचा फोन आला. "आई, तू शिकलेली आहेस, तुला कळायला हवं." मी शिकलेली! तो पहिलीत असताना त्याच्याच पुस्तकातून अक्षरं ओळखायला लागले मी, एका हातानं सादझा घोटत. पुढे साबण गुंडाळून आलेले कागद वाचले, बायबल वाचलं, आता पेपर. अक्षरं सगळी लागतात. अर्थही लागतो. काय करायचं ते मात्र कुठे छापलेलं नसतं.

आत्याला समजाव म्हणतो. त्याचा बाप सोडला तर त्याच्या आत्याला कुणी कधी काही समजावलं नाही.

१२ ऑक्टोबर

वन्संच्या खोकल्याचं औषध आणायला दवाखान्यात गेले. नर्स होती, तरुण, वेण्या घातलेली. मी विचारलं – लशीनं माणूस मरतो का? ती म्हणाली, गोगो, आजी, लस अंगात भिनायला वेळ लागतो. घेतली त्याच दिवसांत रोगानं गाठलं तर तिचा उपयोग होत नाही. रोग तर गावभर होता तेव्हा.

मी मान हलवली. बाहेर आल्यावर पुन्हा गोंधळ. म्हणजे मी उशीर केला? की पाठवलंच नसतं तर त्या दवाखान्याच्या गर्दीत गेलेच नसते? रोग तिथेच लागला असेल तर?

हे तिला विचारायला परत वळले होते. तोवर रांग लागली होती.

१३ ऑक्टोबर

काही ठरत नाही.

१६ ऑक्टोबर, शनिवार

ह्यांचे कपडे वाटले आज. एवढे दिवस राहून गेलं होतं. पुरताना फक्त तीस माणसांना परवानगी होती, आणि आमचा साहविरा मादझोरे एकतिसावा! रस्त्यापलीकडे उभा राहिला बिचारा. साहविऱ्यावाचून माणूस पुरला, असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. तीन पिढ्यांची मैत्री त्यांच्या नि आमच्या घरची. मयताच्या घरी साहविऱ्यानं मेलेल्याची नक्कल करायची, रडणाऱ्यांना हसवायचं, कुणी बोलणार नाही ते बोलायचं, आणि कुणी राग धरायचा नाही. ते सगळं आज झालं.

चुलतदीर कपडे वाटत होते. तपकिरी कोट मादझोरेच्या वाट्याला आला. त्यानं तो तिथेच अंगात घातला, टोपी चढवली आणि अंगणात चालायला लागला. डावा पाय बाहेर टाकत. तेच! तशीच मान! शेळ्या मोजताना ह्यांची गल्लत व्हायची आणि मग पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, ते केलं. माझ्यापासून तपकीर लपवायचे, ते केलं. बायका गुडघ्यांवर हात मारून हसत होत्या. मीही हसले. किती दिवसांनी हसले.

मग त्यानं दवाखाना केला. जुलैत तो ह्यांच्याबरोबरच गेला होता तिथे.

रांगेत उभा राहिला. पुढच्या माणसाच्या खांद्यावरून डोकावला. सुई बघितली. डोळे मोठे केले. "ही तर बैलाला टोचतात ती," असं ह्यांच्या आवाजात पुटपुटला, आणि पाय बाहेर टाकत हळूच रांगेतून निघाला. कुंपणापाशी झाडाखाली बसला. तपकीर ओढली. इकडे तिकडे बघितलं. मग दंड चोळत घराकडे आला आणि थेट माझ्यासमोर उभा राहिला. "फुंगायच्या आई, फार दुखतंय गं. जरा मटण करशील का?"

सगळं अंगण हसत होतं. त्या दिवशी मी खरंच मटण केलं होतं.

वन्सं छातीवर हात ठेवून हसत होत्या. मग हसायच्या थांबल्या. "मादझोरे," म्हणाल्या, "म्हणजे त्यानं घेतलीच नाही?"

मादझोरे हसत नव्हता. "ताई, अंगावर कोट कुणाचा आहे?"

झालं. पुढे कुणी विचारलं नाही. साहविरा एरवी तोंडाला येईल ते बोलतो, पण मेलेल्याचा कपडा अंगात असताना तो खोटं बोलणार नाही, असं आमच्याकडे सगळे मानतात. मीही मानते. माझ्या सासूच्या वेळी त्याच्या बापानं तिची शाल पांघरून जे सांगितलं होतं, ते शब्दन् शब्द खरं निघालं होतं.

१७ ऑक्टोबर, रविवार

चर्चला गेले नाही.

म्हणजे माझ्या पाठवण्यानं गेले नाहीत हे. तीन महिने छातीवर धोंडा घेऊन फिरतेय, आणि तो धोंडा नव्हताच. आनंद व्हायला हवा. होतही होता, सकाळी चूल पेटवताना अगदी हलकं वाटलं.

मग ते मटण आठवलं. दंड दुखतोय म्हणून मी मऊ शिजवलं होतं. घास घेताना हात उचलवत नाही असा चेहरा केला होता ह्यांनी. हाडूक चोखून म्हणाले होते, तुझ्यासाठी घेतली हो, नाहीतर मी कुठला. माझ्या तोंडावर! इतक्या वर्षांत तपकीर सोडून काही लपवलं नव्हतं माझ्यापासून.

कार्ड बघितलं होतं का मी? नाही. शर्टाच्या खिशात आहे म्हणाले होते. तो शर्ट हॉस्पिटलनं अंगावरच्या बाकीच्या कपड्यांबरोबर जाळला.

कबरीपाशी गेले नाही.

१८ ऑक्टोबर

वन्संनी सकाळी झाडू माझ्यापुढे धरला. कबरीकडे जायचं असायचं ना. मी तो घेऊन कोपऱ्यात ठेवला.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

वन्सं आज प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. आपण सव्वीसला जाणार म्हणाल्या. तेक्लाच्या हातातली शेंग खाली पडली.

"त्यानं घेतली नाही म्हणून तो गेला," वन्सं म्हणाल्या. "आणि घेऊ नको म्हणून त्याच्या कानाशी मीच लागले होते." आणि खाली बसल्या.

मग एस्टेलीनंही फोनमधला तो आवाज पुसून टाकला. निदान टाकते म्हणाली. तिला पुसता येतं की नाही कोण जाणे.

आता सगळ्या जाणार. माझ्या शब्दावर अडलेल्या होत्या, माझ्या शब्दावाचून सुटल्या. बरंच झालं. मलाही आता जायला भीती नाही. लशीनं कुणाचं काही केलेलं नाही. मग मला आत इतकं ओकंबोकं का वाटतंय? धोंडा होता तेव्हा निदान ह्यांच्याशी बोलत तरी होते. रोज माफी मागायची, रोज सगळं सांगायचं. आता बोलायला गेले की ओठ मिटतात. खोटारड्या माणसाशी काय बोलायचं?

वन्संना आता मी तोंडभरून सांगू शकते – बघा, पेपरनं नाही खाल्ला तुमचा भाऊ. नाही सांगितलं. त्यांच्या छातीवर आता माझा धोंडा आहे.

२४ ऑक्टोबर, रविवार

मादझोरे चर्चबाहेर भेटला. वहिनी, कबरीपाशी गवत वाढलंय, म्हणाला. मी म्हटलं, तुझा मित्र, तू काप. आणि निघून आले. असं मी कुणाशी बोलत नाही.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

शाळेत गेलो सगळ्या. वन्सं सगळ्यांच्या पुढे. चढावर थांबल्या तेवढ्याच. वेण्यांच्या नर्सनं विचारलं, गोगो, भीती वाटते का? वन्सं म्हणाल्या, "मला? लग्नाआधी दात पाडून घेतलाय मी पक्कडीनं." बाही वर केली आणि दुसरीकडे बघत राहिल्या. हात माझा धरला होता. केवढा जोर त्या बोटांत!

एस्टेली भजन म्हणत होती, सुई टोचली तेव्हा सूर चढला. तेक्ला उगाच सोबत आलेली, प्रत्येकीला सांगत होती, आता मला दोन वर्षं सोबत मिळाली.

माझी पाळी आली. सुई बारीकशी असते. बैलाची कुठली! टोचलेलं कळलंही नाही. आता मात्र दंड ठणकतोय. ह्यांना हे माहीतच नाही, कसं दुखतं ते. नाटक मात्र हुबेहूब केलं होतं. अगदी ह्याच जागी हात धरला होता.

दुसरा डोस नोव्हेंबरात. वन्संना ताप नाही. दोनदा कपाळाला हात लावून बघितला.

२९ ऑक्टोबर

वन्सं एकट्याच कबरीकडे जाऊन आल्या. डोळे सुजले होते. माफी मागून आले म्हणाल्या. तू कधी जाणार?

जाणार नाही, म्हटलं.

३० ऑक्टोबर, शनिवार

मादझोरे आला. आत ये म्हटलं, आला नाही. दारातच टोपी हातात घेऊन उभा. वन्सं घरात पडल्या होत्या म्हणून हळू बोलला.

"त्यानं घेतली होती, वहिनी. मी शेजारी उभा होतो. डोळे मिटून घेतली आणि म्हणाला, चला, आता ही पेपर वाचून दाखवायची थांबेल. कोटात खोटं बोललो मी. तुम्ही सगळ्या जावं म्हणून. त्याचं काय ते मी आणि तो बघू. तू त्याच्याशी अबोला धरू नको."

गेला तो. मी उंबऱ्यावरच बसले.

आतून वन्संनी विचारलं, काय म्हणत होता गं?

काही नाही, म्हटलं. गवत कापायला कोयता मागत होता.