उचलदांडा कशानं निसटला

१३ सप्टेंबर १९६१, अमरावती
नामदेवरावांच्या उजव्या पायाची दोन बोटं आज काढली. डॉक्टर म्हणाले, टाच शाबूत आहे, चालतील. माझी बहीण कौसा व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी, नवऱ्याला बघायला आत जाईना. आत पलंगापाशी तिची सासू, आणि तिचं एकच पालुपद: "हिनंच केलं. तुपाचा हात हिचाच."

घडलं ते लिहून ठेवतो. नाहीतर माझंच मन उद्या ते फिरवून सांगेल.

वरूडच्या त्या संत्र्याच्या बागेत आता बैलजोडी एकच. बाकी सगळं काम तो जुना छोटा ट्रॅक्टर करतो, आणि तो चालवतात नामदेवराव. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकले, तर ट्रॅक्टरनं काय घोडं मारलं, म्हणून कौसा त्याच्याकडेही गेली. मागची फणांची चौकट उचलायचा दांडा हाच त्याचा खांदा, असं तिनंच ठरवलं. हळद-तूप पळसाच्या पानानं चोळलं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं बैलाला म्हणतात तसं त्यालाही म्हणाली. घरदार हसलं म्हणे. सासूसुद्धा.

परवा नामदेवराव ओळीच्या टोकाला पोचले, चौकट उचलली, फणांत गुंतलेलं तण काढायला खाली उतरले. दांडा निसटला. चौकट पायावर.

१५ सप्टें., वरूड
बागेत जाऊन पाहिलं. दांडा जिथे अडकतो त्या दातेरी पट्टीवर तूप, हळद, माती यांचा गिलावा झालेला. दांड्याचा खटका दात्यात पुरता बसतच नव्हता. रॉकेलनं धुतलं.

तुपाखाली दाते गुळगुळीत. बाभळीचा काटा तुडवून तुडवून बोथटतो, तसे.

आता खरं. आषाढात ही पट्टी मी पाहिली होती. नवी करायला हवी होती. पण बागेच्या मालकाला घाई, मला वाशीमचं दुसरं काम. म्हणून जुन्याच दात्यांवर वेल्डिंगचा भराव घातला, कानस मारली, आणि नामदेवरावांना म्हणालो, दिवाळीपर्यंत बिनघोर चालवा. भराव मऊ सळईचा होता. तो उतरणारच. दाते नवे असते तर लोण्याचं अख्खं मडकं ओतलं असतं तरी खटका निसटला नसता.

मालक शेजारीच उभे. "काय दिसून राहिलं मिस्त्री?"
"तूप," मी म्हणालो.

१६ सप्टें.
मालकांचा निरोप: पाऊस उघडला की बागेत तण माजेल, त्याआधी दांडा नीट झाला पाहिजे. नाहीतर ते धूड विकून दुसरी बैलजोडी आणू. जोडी आली की नामदेवराव घरी. लंगड्या पायानं वखरामागे कोण चालणार? निरोपाच्या शेवटी, "अन् बायांले यंत्राजवळ येऊ देऊ नका." यावरही मी हो म्हणालो.

२० सप्टें., अमरावती
कौसा माझ्याकडेच आहे, दवाखान्यात डबा नेते. आज भाकरी थापता थापता एकदम विचारलं, "दादा, तुपानं लोखंड निसटते का?"

मी चहा पीत होतो. म्हणालो, "निसटते कधी कधी."

तिनं मान डोलावली आणि पुढची भाकरी टाकली. तिनं मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

२२ सप्टें.
कौसानं तूप खायचं सोडलं. नवरा चालायला लागेपर्यंत, म्हणते. मी रागावलो, म्हणालो, असल्या खुळ्या गोष्टी करू नको. राग कुणाचा नि काढला कुणावर. तिनं ऐकून घेतलं. ती अलीकडे सगळंच ऐकून घेते.

२८ सप्टें., अकोला
पट्टी घेऊन उस्तादांकडे आलो. ज्यांच्या हाताखाली कानस धरायला शिकलो ते हेच. आता नजर कमी झाली आहे. त्यांनी पट्टी घेतली, डोळे मिटले, दात्यांवरून अंगठा फिरवला.
"हे कोनं भरलं?"
"मीच."
"मंग पाय कोनाचा गेला?"

पायाचं मी काहीच बोललो नव्हतो. सांगितलं सगळं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. त्यांनी चहा मागवला.

ट्रकच्या मोडक्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, एक पोलादी पाटा भंगारात मिळाला. उद्या तापवायचा.

३० सप्टें., अकोला
काल पाटा लाल करून राखेत रात्रभर निववला. आज दिवसभर कानस, अकरा दाते. पोटऱ्या भरून आल्या. संध्याकाळी कडक करायला पुन्हा तापवला आणि घाईत पाण्यात बुडवला. तेलात बुडवायचा असतो, हे मला झोपेतही ठाऊक आहे. टणकन आवाज. सातव्या दात्यापासून आरपार तडा.

उस्ताद खुर्चीतूनच म्हणाले, "घाई तुह्या हातात हाय बेटा, लोखंडात नाई."

उद्या पहिल्यापासून.

३ ऑक्टो.
दुसरी पट्टी साधली. तेलात बुडवली, मग हलक्या आचेवर पिवळट रंग येईपर्यंत धरली. कानस तिच्यावरून घसरते, चावत नाही. खटकाही नवा केला. दांड्याची पिन आणि तिचं भोक, दोन्ही झिजलेले निघाले. तेही बदलले. आषाढात हे सगळं तीन-चार दिवसांत झालं असतं.

७ ऑक्टो., वरूड
बसवलं. चौकट उचलून तिच्यावर उभा राहिलो, उड्या मारल्या, दांड्यावर घण घातला. हलला नाही.

मग दुकानातून आणलेलं छटाकभर तूप दात्यांवर चोपडलं. पुन्हा उड्या, पुन्हा घण. नाही निसटला. दहादा केलं.

पाहायला कोणी नव्हतं. दुपारी सगळे जेवायला घरी जातात, तीच वेळ मी धरली होती. शेवटी रॉकेलनं सगळं धुऊन टाकलं. मालक आले तेव्हा नुसता चकचकीत दांडा दाखवला. "वा मिस्त्री!" म्हणाले.

१४ ऑक्टो., वरूड
नामदेवराव काठीनं अंगणात फिरतात. कौसा विहिरीवर गेली होती. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. पारावर बसवून सांगितलं: दाते झिजले होते, मला दिसले होते, मी नुसता भराव घातला.

ते म्हणाले, "मले मालूम हाय."
"कसं काय?" मी विचारलं.
"रोज दांडा मीच ओढत होतो न भाऊ. दोन खेप आधीबी निसटला होता. मालकाले सांगतलं असतं तं त्यानं बैल आनले असते."
"मग घरात का नाही सांगितलं? ती बिचारी..."
"मालकाले कळलं तं तुमचं काम जाईन, माहंबी जाईन. तिचं काय, ती घरातच राह्यते. लोक दोन महिने बोलतीन, मंग भुलतीन."

अगदी शांतपणे म्हणाले. वाईट माणूस नाही. हिशेबात तसं चूकही नाही. मी उठलो. तेवढ्यात कौसा डोक्यावर हंडा घेऊन आली, म्हणाली, दादा, जेवून जा. मी जेवलोही.

१९ ऑक्टो., दसरा
नामदेवराव पाय दाखवायला अमरावतीला आले होते. काल खंडेनवमीला बागेत ट्रॅक्टरची पूजा झाली. त्यांच्या आईनं कौसाला पुढे येऊ दिलं नाही. तिनं लांबूनच हात जोडले. हे ते सोनं देता देता सांगत होते, हवापाण्याचं सांगावं तसं. मी आपट्याची पानं घेतली आणि खिशात घातली.

१ नोव्हें.
नामदेवराव पुन्हा ट्रॅक्टरवर बसू लागल्याचं पत्र. दांडा पक्का आहे, लिहितात. खाली कौसाचं दोन ओळींचं अक्षर: भाऊबीजेला नक्की ये.

गेलो तर बोलावं लागेल. न जावं तर...

१० नोव्हें., भाऊबीज, वरूड
पाटावर बसलो. कौसा तबक घेऊन आली. सासू दारात, नामदेवराव खाटेवर पाय पसरून. ओवाळून घेतल्यावर माझं तोंड उघडलं नसतं, म्हणून आधीच बोललो. "तुपानं काही झालं नाही. दाते झिजले होते. मला माहीत होतं. मी नुसतं भरून दिलं न् बिनघोर चालवा म्हणालो. दोष माझा."

सासू हसली. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "भाऊ असावा तं असा. बहिनीचं पाप अंगावर घेऊन राहिला."
"नाही हो मावशी, खरंच सांगतो."
"हो बाबू, खरंच," म्हणाली आणि फराळाचं आणायला आत गेली.

मी नामदेवरावांकडे पाहिलं. ते पायाच्या पट्टीची गाठ सोडत होते. सोडली, पुन्हा बांधली. मान वर केली नाही.

कौसानं ओवाळलं. हळूच म्हणाली, "माह्यासाठी खोटं काहून बोलून राहिला तू?"

मी लाडू खाल्ला.

फाट्यापर्यंत पोचवायला आली. वाटेत संत्र्यांचं बोलली, म्हशीचं बोलली. फाट्यावर पिशवी माझ्या हातात देताना थांबली. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"दादा, तू सांगतलं ते खरं असन," ती म्हणाली, "तं मंग हे दोन महिने तू काहून गप होता?"

मोटार यायला अजून अर्धा तास होता. आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.