इंजिनाला कुंकू

ठाणे, नौपाडा
श्रावण शुद्ध ११, शके १८२१

तीर्थस्वरूप गं. भा. आवडाअक्का यांस,
विश्रामचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इकडे मी आणि सौ. रंगू खुशाल आहोत. तुझी नि अण्णांची खुशाली कळव. पत्रास कारण की आमची जर्मन गाडी एकदाची आली. मुंबईच्या गोदीतून मोठमोठ्या पेट्यांत भरून ती बैलगाड्यांवर ठाण्याला आणली. बिनघोड्याच्या गाडीला बैल लागले म्हणून नाक्यावरची मंडळी पोट धरून हसली. मीही हसलो, काय करणार!

गाडी जोडून द्यायला एक जर्मन फिटर आला होता. त्यानं कारखानदाराची हकिकत सांगितली ती तुला कळवतो. मानहाइम नावाच्या गावातला हा माणूस. बिनघोड्याची गाडी करतो म्हणून गाव त्याला वेडा ठरवून मोकळं झालं होतं. गाडी धावली तरी विकत घ्यायला कोणी पुढं येईना. शेवटी एक दिवस त्याच्या बायकोनं, नवरा उठायच्या आत, दोन मुलगे बरोबर घेतले, गाडी काढली आणि थेट माहेर गाठलं. वाटेत तेल संपलं ते औषधांच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली ती टोपीच्या सुईनं मोकळी केली. बाईमाणसानं इतक्या लांब नेली म्हणजे गाडीत काहीतरी तथ्य आहे, असं लोक त्यानंतर म्हणू लागले. हे ऐकल्यापासून तुझी भावजय रोज विचारते आहे की तिचं माहेर, शहाड, इथून किती कोस.

गाडीचं तेल रॉकेलहून पातळ असतं. उघडं राहिलं तर उडून जातं आणि मग नुसती हवासुद्धा पेट घेते. फिटरसाहेबानं हे पुन्हा पुन्हा बजावलं, म्हणून घोड्यांची निगा राखणाऱ्या नाथा मोतद्दाराची चिलीम, गाडी ठेवली आहे त्या बग्गीखान्यातून मी हद्दपार केली आहे. तो मला शिव्या देतो.

शेटजी प्लेगाला भिऊन मुंबई सोडून इथल्या बंगल्यात राहायला आले, म्हणून तर त्यांची ही गाडी चालवायचं काम मला मिळालं. अण्णांना ते पटत नाही हे ठाऊक आहे. परळच्या रेल्वेच्या कारखान्यातली नोकरी मी सोडली त्याला आता पाच महिने झाले, त्यांचा एक शब्द नाही. ते काही म्हणाले तर कळव. वाईट म्हणाले तरी कळव.

कृपा आहेच, ती कमी होऊ देऊ नये ही विनंती.
विश्राम

*

कल्याण
श्रावण वद्य ६

चि. विश्राम यास आवडाअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझी पत्रं मी मुद्दाम मोठ्यानं वाचते. अण्णा कोपऱ्यात जपाची माळ घेऊन बसतात आणि आपल्याला काही ऐकू येत नाही असं दाखवतात. ती बाई गाडी घेऊन माहेरी गेली तिथं मी आले तेव्हा माळ थांबली होती. मी पाहिलं.

वाईट म्हणाले तरी कळव म्हणतोस, तर ऐक. जर्मनीचा माल म्हणजे सुया, आरसे नि बाहुल्या, असं म्हणाले. इंजिन असावं तर इंग्रजाचं, आणि तेही रुळावर. तीस वर्षं इथल्या इंजिन शेडमध्ये हजेरी लिहिली त्यांनी, त्यांना दुसरं काय सुचणार? त्यांच्या शब्दावर तुला परळला चिकटवलं होतं. तू परस्पर राजीनामा दिलास तेव्हा शेडमधल्या मंडळींपुढं त्यांची मान खाली गेली. रागाखाली ते दुखणं आहे, बाळा.

पत्राच्या शेवटी तुमचेही आशीर्वाद लिहू का, असं मी विचारलं. तुझे तू लिही, म्हणाले. म्हणून माझेच लिहिते.

रंगूला सांग, शहाड फार लांब नाही, पण मध्ये खाडी आहे. तुझ्या जर्मन गाडीला पोहता येतं का ते आधी विचारून घे.

लोभ आहे तो वाढता ठेव.
तुझी अक्का

*

ठाणे
भाद्रपद वद्य १

ती. आवडाअक्का यांस विश्रामचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

गाडी आता माझ्या हातात बसली आहे. मागं बसवलेल्या इंजिनाचं मोठं चाक हातानं फिरवलं की खोकते, शिंकते आणि मग चालू होते. काल शेटजींना तळ्यापर्यंत नेऊन आणलं. कोणी हात जोडतात, कोणी मुलांना घरात ओढतात. एका म्हातारीनं चाकासमोर नारळ फोडला आणि पुन्हा इकडे येऊ नकोस असं गाडीलाच सांगितलं. चांगल्या मालाची अब्रू काही बोलण्यावर ठरत नाही, चालण्यावर ठरते, असं फिटरसाहेब म्हणत असे. मी रोज चालवतो आहे.

आता मुख्य गोष्ट. दसऱ्याला शेटजी मुंबईस जाणार आहेत आणि त्या दिवशी माझ्या घरच्या मंडळींना गाडीत फिरवायची परवानगी त्यांनी दिली आहे. तू आणि अण्णा या. मला जास्त काही नको. अण्णांनी एकदा गाडीत बसावं आणि पोरानं काही वावगं केलं नाही एवढं म्हणावं. तुझ्याजवळ म्हणाले तरी चालेल.

दिवाळीनंतर शेटजींना कल्याणकडे काम आहे, तेव्हा गाडी तरीच्या नावेवरून खाडीपलीकडे नेऊ. रंगूला शहाडला तिच्या आईच्या दारात उतरवायचं मी कबूल केलं आहे. तोवर गाडीत बसायचं नाही असा तिचा हट्ट. पहिल्यांदा बसायचं ते माहेरी जायलाच, म्हणते. हिरवं लुगडं आतापासून घडी करून ठेवलं आहे. त्या मानहाइमच्या बाईनं माझ्या घरात काय करून ठेवलंय बघ!

अण्णांना साष्टांग नमस्कार सांग. ऐकू येत नाही असं दाखवलं तरी सांग.

आपल्या मायेचा,
विश्राम

*

कल्याण
भाद्रपद वद्य १२

चि. विश्राम यास अनेक आशीर्वाद.

अण्णा येतो म्हणाले! काल जेवताना भातावर वरण घेता घेता सांगितलं, की दसऱ्याचं वाहन पूजेशिवाय बाहेर काढायचं नसतं एवढं त्या गाढवाला ठाऊक आहे का. म्हणजे यायचं नक्की.

मात्र त्यांची अट आहे. पूजा शेडमध्ये होते तशीच व्हायला हवी. तुला आठवत असेल, लहानपणी ते आपल्याला खांद्यावर बसवून दाखवायला नेत. झेंडूच्या माळा, इंजिनाच्या कपाळाला कुंकू, आणि मग पंचारतीनं इंजिन ओवाळायचं. फोरमन साहेबसुद्धा टोपी काढून उभा राहायचा. तसं केलंस तर गाडीत बसेन, म्हणाले.

ओवाळायला मी उभी राहू शकत नाही, ते तुला माहीत आहे. विधवेच्या हातचं तबक दसऱ्याच्या दिवशी कोणाला चालणार? सौ. रंगूनं करायचं. तिला म्हणावं वाती भिजवून ठेव, तूप मी इथून आणते.

माया ठेव.
तुझी अक्का

*

ठाणे
आश्विन शुद्ध ८

ती. आवडाअक्का यांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

घाईत लिहितो. अण्णांची अट काय, त्यांनी गाडीला गंगेचं स्नान घाल म्हटलं असतं तरी घातलं असतं! सगळं शेडसारखं होईल. रंगूनं पाच वातींचं तबक चिंचेनं घासून लख्ख केलं आहे.

पाऊस अजून रेंगाळतो आहे आणि वाराही आहे. म्हणून पूजा बग्गीखान्यातच करू, दारं लोटून घेऊ, म्हणजे दिवा विझायचा नाही. अण्णांपुढं गाडी मध्येच थांबायला नको म्हणून तेल सकाळी काठोकाठ भरून ठेवीन. त्या दिवशी बघ्यांची गर्दी होईल. कोणी विडी ओढत आत येऊ नये म्हणून नाथाला दारावरच उभा करतो.

सकाळच्या गाडीनं या. स्टेशनवर घ्यायला येतो.
विश्राम

*

कल्याण
आश्विन वद्य ११

चि. विश्राम यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. तू कुठून लिहिणार, हात कापसात गुंडाळलेले. तरी मी रोज टपालवाल्याची वाट पाहते. इस्पितळात कोणाकडून तरी दोन ओळी लिहवून घे.

रंगूचं दिवसकार्य काल आटोपलं. तिसऱ्या दिवशीच ती गेली हे एका परीनं बरं झालं असं बायका म्हणतात. मला त्यात बरं काही दिसत नाही. इस्पितळात मी तिच्याजवळ होते. मामंजींना लागलं नाही ना, एवढंच तिनं पुन्हा पुन्हा विचारलं.

मला सारखं तेच दिसतं. अण्णा गाडीत ताठ बसलेले, शेडमध्ये पूजेला साहेब उभा राहायचा तसे. तू पुढं चाकाला माळ बांधत होतास. तिनं पुढून ओवाळलं, अण्णांना ओवाळलं, आणि मग तबक घेऊन मागं गेली. नंतर नुसता भडका झाला. तू अण्णांना ओढून बाहेर फेकलंस आणि परत आत गेलास. मी दाराशी, नाथापलीकडे उभी होते, कारण ओवाळण्याच्या वेळी मी समोर असायचं नसतं. तबक माझ्या हातात चाललं असतं तर आज ती असती. माझं काय अडलं होतं जगायचं? पण रीत पडली.

अण्णा धड जेवत नाहीत. लोक ओट्यावर येऊन बसतात आणि सांगतात की जर्मन गाडीनं सून खाल्ली.

तुझी अक्का

*

ठाणे, सरकारी इस्पितळ
आश्विन वद्य ३०

ती. आवडाअक्का यांस विश्रामचा शि. सा. नमस्कार.

हे अक्षर शेटजींच्या मुनशीचं आहे. डाव्या हाताची बोटं आता उघडायची नाहीत, असं डॉक्टर म्हणतात.

फौजदार आला होता. गाडीत दोष होता का, असं त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. गाडी गळत नव्हती, कुठं फुटली नव्हती. तेल भरताना मी सांडलं आणि दारं लावून घेतली. नाथाच्या चिलमीवर मी दोन महिने पहारा ठेवला, अक्का, आणि घरच्या दिव्याला स्वतः आत घेतलं. निरांजन म्हणजे आग हे माझ्या मनात आलंच नाही. देवापुढचा दिवा तो. त्याला कोण आग म्हणतं?

दिवा मागं कोणी न्यायला सांगितला, असंही त्यानं विचारलं. मी सांगितलं, मीच. अण्णा तेव्हा म्हणाले होते की कुंकू इंजिनाच्या कपाळाला लावायचं असतं, हिचं इंजिन मागं आहे तर मागं जा. हे कागदावर कशाला? रंगूचे वडील शहाडहून आले होते. मुलीआधी बापाला का काढलंस, असं विचारून गेले. अण्णा हाताशी होते, एवढंच त्याचं उत्तर आहे.

जबानीचं हे अण्णांना कळू देऊ नकोस.

विश्राम

*

कल्याण
कार्तिक शुद्ध ९

चिरंजीव विश्राम यास अण्णांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

हे आवडानं लिहिलेलं नाही, मी लिहितो आहे. अक्षर ओळखशील. तुझं पत्र ती नेहमीसारखं मोठ्यानं वाचत होती. मला कळू देऊ नकोस हे तुझं वाक्य आलं तोवर आधीचं सगळं वाचून झालं होतं.

परवा ठाण्यास येऊन फौजदारापुढं जबानी दिली. दिवा आणायची अट माझी, आणि मागं जा हे शब्द माझे, असं लिहून घ्यायला लावलं. नंतर इस्पितळाच्या फाटकापर्यंत आलो आणि परत फिरलो. तुझे हात पाहायचा धीर झाला नाही.

काल शहाडला गेलो होतो. व्याह्यांनी बस म्हटलं नाही, ते रास्तच. ओट्याखाली उभं राहून सगळं सांगितलं. बापाला आधी का काढलं हा प्रश्न जावयाला विचारू नका, मला विचारा, असंही सांगितलं. विहीणबाई आतून एवढंच म्हणाल्या, पोर त्या गाडीत बसली तरी होती का. मी नाही म्हटलं. त्यानंतर मला तिथं थांबवेना.

इथं मंडळी येऊन मला शाबासकी देतात, की अण्णा, जर्मन माल खोटा हे तुम्ही आधीच म्हटलं होतं. माझंच वाक्य मला ऐकवतात. मी प्रत्येकाला सांगतो की माल खोटा नव्हता. ती मानहाइमची बाई त्याच जातीची गाडी घेऊन माहेरी गेली आणि सुखरूप परत आली. मागं जा म्हणून तिला दिवा देणारा सासरा तिच्या घरात नव्हता. लोकांना हे आवडत नाही. आता ते येईनासे झाले आहेत.

कोळशाच्या इंजिनाच्या तोंडाशी तीस वर्षं दिवा ओवाळलेला मी पाहिला. सगळी इंजिनं सारखी, असं मी धरून चाललो. तू दोन महिने पत्रांतून सांगत होतास की हे तेल वेगळं आहे. मी माळ ओढत ऐकत होतो, शब्द न् शब्द ऐकत होतो. तरी गाडीत बसलो तेव्हा मला फक्त शेड आठवली आणि पोराचा अभिमान वाटला. तो मी त्या वेळी बोललो नाही. बाहेर निघाल्यावर बोलू, असं मनात होतं.

हात बरे झाले की घरी ये. परळला शब्द टाकणार नाही. तुला ज्या कामाची आवड आहे ते कर, मोटारीचं असलं तरी कर. आवडा तुझी खोली सारवते आहे. रंगूचं हिरवं लुगडं शेटजींच्या माणसानं आणून दिलं, ते मी शहाडला पोचवलं.

वडिलांनी मुलाला आशीर्वाद लिहावेत, लोभ मागू नये, अशी रीत आहे. रीतीनं काय केलं ते आपण दोघांनी पाहिलं. म्हणून ती सोडून लिहितो.

माझ्यावर लोभ असू दे.
अण्णा