हजिऱ्याच्या बागेतले फोटो

४ ऑक्टोबर
आज पण एकच शब्द. आते. पाणी पाहिजे तरी आते, लघवीला जायचं तरी आते, मी भाजी आणायला निघाले तरी आते. आमच्या अहिराणीत आते म्हणजे आत्ता. यांना लकवा मारला त्याला सहा आठवडे झाले. उजवा पाय जरा उचलतात, पण तोंडात तेवढा एकच शब्द उरला.
बोलायला शिकवणाऱ्या गुजराती बेन आल्या होत्या. सफरचंद, हत्ती, बस, अशी कार्डं. यांनी मान फिरवली. बेन म्हणे, "एमने जे ओळखीतुं होय ए बतावो." ओळखीचं काय दाखवू? बावीस वर्षं हजिऱ्याला कंपनीच्या बागेत माळी. इथं डिंडोलीत आमच्या घरात एक कुंडी नाही.
पहिले तीन महिने महत्त्वाचे, असं पण बोलून गेल्या. म्हणजे निम्मे संपले.

७ ऑक्टोबर
पल्लवीनं मार्केटच्या नोकरीवर सुट्टी टाकली, बापाजवळ बसली. मी दोन बस बदलून हजिऱ्याला. गेटवाला आत सोडेना. शेवटी भिकनभाऊंना बोलावलं. यांच्या हाताखाली तयार झालेले, आता तेच बाग बघतात. "वहिनी शेतस त्या," म्हणाले, तेव्हा सोडलं.
लग्नाला सव्वीस वर्षं, आणि बाग पहिल्यांदा बघितली. लाज वाटली.
अकरा फोटो काढले. घरी येऊन बघते तर चारात माझं बोट, तिनात नुसतं ऊन. यांनी एक नजर टाकली, डोळे मिटले.

९ ऑक्टोबर
परत गेले. भि.भाऊंनी शिकवलं: सूर्य पाठीमागे ठेवा, वारा थांबू द्या, मग दाबा. वारा थांबतच नाही तिथं, खाडीवरून येत राहतो. झेंडूच्या एका फुलासाठी उकिडवी बसून राहिले, गुडघे आखडले. पण फोटो चांगला आला. पाकळी पाकळी दिसते.
घरी दाखवला. "हाई काय शे?"
"आते."
"झेंडू. म्हणा, झें-डू."
"आते."
दहा वेळा झालं. अकराव्यांदा माझा तोल गेला. ओरडले, तुम्ही झटका आला त्याच दिवशी गेला असता तर सुटला असता, मी पण सुटले असते.
पल्लवी दारात उभी होती. आत जाऊन गॅस लावला.

१० ऑक्टोबर
पल्लवी बोलत नाही. हे तर असेही...

१२ ऑक्टोबर
सत्तावीस फोटो. जास्वंद, तगर, सदाफुली, शेवंतीच्या कळ्या. सातवीण बहरलीये, तिचा उग्र वास साडीला लागून घरापर्यंत आला. पदर यांच्या नाकाशी धरला. काहीच नाही.
पल्लवी: "मम्मी, फोटाथी कोई साजुं थाय?" चिडून नाही, हळू बोलली. फोटोनं कोणी बरं होतं का, एवढंच विचारलं. दुसरं काय करू ते तिनं सांगावं.
भि.भाऊ आज गेटपर्यंत सोडायला आले. निघताना बोलले, दिवाळीनंतर बाग काढणार, तिथं गोडाऊन येतंय. वरून कागद आलाय.
यांना सांगायचं नाही. सांगून तरी कळणार काय.

१४ ऑक्टोबर
संध्याकाळी फोटो एकेक पुढे सरकवत होते. जास्वंदीवर आले तसा यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. केवढा जोर! स्क्रीनवर बोट आपटायला लागले. आते, आते, आते. डोळ्यातून पाणी. वाटलं दुसरा झटका आला. पल्लवीनं डॉ.ना फोन लावला, रिक्षा आणली. तपासलं, बीपी वाढलंय फक्त. परत आणलं.

१५ ऑक्टोबर
सकाळी तो फोटो मोठा करून बघितला. फुलामागे फांदीच्या बेचक्यात कापूस चिकटल्यासारखं पांढरं. भि.भाऊंना पाठवला. लगेच त्यांचा फोन: "वहिनी, कीड शे ती! माले दिसनीच नही. भाऊले दिसनी का?"
दुपारी त्यांनी झाड छाटून नवा फोटो पाठवला. यांच्यासमोर धरला. किती वेळ बघत होते. मग बोट बुंध्यावर नेलं.
"खाले."
खाले म्हणजे खाली. अजून खालून छाट! मी पल्लवीला हाका मारत सुटले. ती भांडी घासत होती, तसेच साबणाचे हात घेऊन आली. आम्ही दोघी रडलो. भि.भाऊंनी परत छाटली.

१६ ऑक्टोबर
पहाटे जाग आली तीच या विचारानं. यांना सगळं कळतं. बोट कुठं ठेवायचं ते कळतं, तर ९ तारखेला मी जे बोलले ते पण कळलं.
चहा पाजताना माफी मागितली. पाय धरले. यांनी तोंड भिंतीकडे केलं. चहा गार झाला.

१९ ऑक्टोबर
खाले परत आलंच नाही. बेन म्हणे असं होतं, एखादा शब्द येतो आणि जातो. मग परत येतो का? "जोईए," म्हणाल्या. बघू.
दोन महिने झाले.

२१ ऑक्टोबर
दिवाळी झाली म्हणायची.
काल हजिऱ्याच्या ऑफिसात गेले होते. साहेबांना हात जोडले, यांना एकदा व्हीलचेअरवर आणते, अर्धा तास फक्त, बाग आहे तोवर. साहेब वाईट माणूस नाही. पाणी दिलं. म्हणे, "बेन, आत पेशंटला काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?" मी म्हटलं मी घेते. त्यांनी नुसती नाही म्हणून मान हलवली.
उरलेल्या सगळ्या झाडांचे फोटो काढले. पळत पळत. निम्मे हललेले.

२४ ऑक्टोबर
आता हे रोज संध्याकाळी स्वतःच हात पुढे करतात. फोन द्यावा लागतो. एकेक झाड बघतात, कुठंतरी बोट ठेवतात. मी भि.भाऊंना कळवते. ते बिचारे तिकडे खरंच माती मोकळी करतात, काटक्या काढतात. काढून टाकायच्या बागेत. हो म्हणतात प्रत्येक वेळी.
हे माझ्याकडे अजून बघत नाहीत.

२८ ऑक्टोबर
दुपारी भि.भाऊंचा फोन. "वहिनी, मशीन उनं." पोचले तोवर अर्धी बाग सपाट. शेवंती काल उमलली होती म्हणे, ढिगाऱ्यात पिवळी पिवळी दिसत होती. जास्वंद मुळासकट आडवी. भि.भाऊ पाठ करून उभे होते. मी फोटो काढले. का काढले माहीत नाही. आज एकही हलला नाही.
घरी आले. साडीला माती. यांनी मातीकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. किती दिवसांनी.
जुने फोटो दाखवले तर चालेल, पल्लवी म्हणते, पप्पांना काय कळणार कधीचे आहेत. कळेल. ती पांढरी कीड यांनाच दिसली होती.
हे लिहितेय तेव्हा खाटेवर बसलेत. डावा हात पुढे केलाय. फोन माझ्या मांडीवर आहे.