या म्हणाले, म्हणून गेलो

३ नोव्हेंबर, सोम.

आणि वर जाहिरातवाल्यांनी म्हणायचं काय, तर लीड चांगली होती, तुलाच क्लोज करता आली नाही. अरे, क्लोज काय करू? त्या माणसाला घरघंटी, म्हणजे आमची घरात दळायची मशीन, घ्यायचीच नव्हती. त्याच्या आठवीतल्या पोराने मोबाइलवर आपली जाहिरात बघून अंगठा मारला, नंबर आला, झाली लीड. मी नाशिकच्या अंबडहून निघून दिंडोरीच्या पार पुढं, पिठाच्या नमुन्याच्या पुड्या सांभाळत गेलो, तर बाप म्हणतो, "बसा बसा. चहा टाक गं."

आज चार घरं. चार चहा. मशीन शून्य. पोटात जळजळ.

संध्याकाळी भामरे साहेबांनी जिन्यापाशी धरलं. "गण्या, या महिन्यात दहा मशीन. नायतर एक तारखेपासून येऊ नको. मी तरी शेठला किती वेळा सांभाळून सांगू?"

दहा! दिवाळी असून मागच्या महिन्यात चार गेल्या.

जाहिरातवाले वरच्या मजल्यावर, एसीत. आम्ही विकणारे खाली, गोडाऊनला लागून. मधे एक जिना. तो चढायला कोणी तयार नाही आणि उतरायलाही.

५ नोव्हेंबर, बुध.

मीटिंग. शेठ मधे, एका बाजूला आमचे भामरे साहेब, दुसऱ्या बाजूला देवेन सर, जाहिरातीचे मुख्य. पोरगंच आहे तसं, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठं. भिंतीवर रंगीत पट्ट्या दाखवल्या.

देवेन सर: "आम्ही पाच दिवसांत एकशे चाळीस हिरव्या लीड दिल्या."

भामरे: "एकशे चाळीस घरचा चहा दिला म्हणा की."

शेठ हसले. मग एकदम हसू बंद. "मशीन किती गेल्या?"

सगळे माझ्याकडे. जसं काही मीच चहा पिऊन कंपनी बुडवली.

कोपऱ्यात फोन करणारी हर्षदा बसली होती. तीच एकटी नीट बोलली. "सर, मी प्रत्येकाला विचारते, मशीन दाखवायला घरी येऊ का. ते 'या' म्हणतात. या म्हणाले की हिरवं करायचं, नको म्हणाले किंवा भांडले की लाल. मला असंच शिकवलंय."

लाल नंबर खाली येतच नाहीत. तिथंच पडून राहतात.

शेठने घड्याळ बघितलं. मीटिंग संपली. ठरलं काय? "दोन्ही टीमने एकत्र काम करावे." बरं.

६ नोव्हें., गुरु.

आज सटाणा पट्टा दिला, "तुझ्याच मुलखातला आहे" म्हणून. पहिलंच घर, म्हातारी एकटी. अंगणात बाजरी वाळत घातलेली. मी पिठाची पुडी उघडली, तिने चिमटीत घेऊन चोळलं, आमच्या अहिराणीत म्हणाली, चांगलं शे, म्हणजे चांगलं आहे. मग चहा. मग म्हणते, मुलगा सुरतेला, सून पण तिकडंच, मी एकटी, शेजारची गिरणी बरी, तेवढ्याच चार बाया भेटतात.

मी वैतागलो. "आजी, मग फोनवर या कशाला म्हणालात?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "येनाराले नही कसं म्हनू रे भाऊ? घर शे हाई, दुकान नही."

परतीच्या रस्त्याला डोक्यात तेच. माझी आईपण असंच म्हणेल. फोनवर कोणी म्हणालं येऊ का, तर वीज बिलवाला असो की भांडीवाला, आई म्हणणार या. आणि हर्षदा ते हिरवं करणार. आणि मी पेट्रोल जाळणार.

माझं गाव नामपूर तिथून जवळच. घरी गेलो नाही. आईने तोंड बघितलं असतं की तिला कळलं असतं. फोन केला. "जेवना का रे?" जेवलो म्हणालो. "नोकरी बरी शे ना?" बरी शे.

८ नोव्हें., शनि.

जिना चढलो. शेवटी मीच.

"मॅडम, एक विचारू?"

"मॅडम कोण? हर्षदा म्हणा, गणेश दादा. इथं सगळे मॅडम म्हणून काम सांगतात."

म्हातारीचं सांगितलं. ती हेडफोन गळ्यात तसाच ठेवून ऐकत होती. पंचवटीत वाढलेली, तिच्याकडे फोनवर नको म्हणायला कोणाला काही वाटत नाही. म्हणाली, "मग खरं गिऱ्हाईक ओळखायचं कसं?"

म्हणालो, जो भाव करतो तो. कांद्याच्या मार्केटमधे लहानपणापासून बघतोय. माल घ्यायचा नसतो तो गोड बोलतो, "बघू, येऊ." घ्यायचा असतो तो पहिल्यांदा मालाला नावं ठेवतो. "तुमचे लाल द्या मला. भांडलेले."

"अहो, एकाने मला चोर म्हटलंय! 'एवढ्याशा डब्याला एवढे पैसे? चोर आहात का?'"

"तो पहिला द्या."

हसली. पण म्हणाली गुपचूप देते, सरांना आवडायचं नाही, लाल म्हणजे त्यांच्या लेखी मेलेला नंबर. रोज तीस हिरवे करायचे ही तिची हाजरी. मशीन गेली काय, राहिली काय, तिला कोणी विचारत नाही. आणि मला तीस काय, तीनशे हिरवे दिले तरी उपयोग नाही. एकाच कंपनीत दोघं, आणि दोघांची वजनं वेगळ्याच काट्यावर.

१० नोव्हें., सोम.

चोर म्हणणारा. पिंपळगावच्या अलीकडे. दारातच उभं ठेवलं. "आलात का? मी नको सांगितलं होतं ना त्या बाईला?" म्हटलं, हो, म्हणूनच आलो. तो गडबडला.

मग जी सुरुवात. मोटर किती टिकेल, पिठाच्या जाळ्या फुकट का नाही, नाशिकात दुसरीकडं कमी भावात मिळते, मला येडा समजता का. मी पण सोडलं नाही. शेजारी जमले. तासाभराने कळलं, भाचीचं लग्न आहे, रुखवतात मामाची म्हणून ठेवायची आहे, बहिणीच्या सासरच्यांसमोर. म्हणून एवढी चिरफाड.

"पाचशे सोड आणि लग्नाच्या आदल्या दिवशी आणून दे. उशीर झाला तर तुला मांडवात उभा करीन."

सही घेतली. चहा विचारला नाही. लय बरं वाटलं.

१५ नोव्हें., शनि.

पाच गेल्या. पाचही लाल. भामरे साहेबांनी पाठीवर थाप मारली, जोरात, लागली.

हर्षदा आता स्वतःच बदलली. फोनवर आधी किंमत सांगते, मग विचारते, पैसे घरात कोण देणार, त्यांना फोन द्या. निम्मे लोक तिथंच म्हणतात नंतर बघू. राहतात ते राहतात. आज तिने मला सात दिले, म्हणाली, "सातही तिखट आहेत, सांभाळून जा."

धाकट्या बहिणीचा, रुपीचा मेसेज. नर्सिंगची परीक्षा फेब्रुवारीत. मालेगावला होस्टेल आणि मेसचे सहा हजार दर महिन्याला मीच पाठवतो, बाबांच्या हमालीत ते होत नाही. तिने विचारलं नाही, पण विचारल्यासारखं लिहिलं. "दादा, बरा आहेस ना?"

१८ नोव्हें., मंगळ.

आज वर आरडाओरड. खाली ऐकू येत होती.

देवेन सरांची पट्टी खाली आली. रोजचे तीस हिरवे होते ते नऊ-दहावर. शेठने विचारलं, जाहिरातीचा खर्च तेवढाच, मग लीड कुठं गेल्या? सरांनी हर्षदाकडे बोट दाखवलं. कॉलिंग ढिलं आहे म्हणाले. तिला कागद दिला. महिनाअखेर रोजची सरासरी तीस झाली नाही तर कामावरून थांबायचं.

माझ्या आठ झाल्या होत्या तोवर. हे कोणी त्या पट्टीला जोडलं नाही. मशीनचा हिशेब खाली, लीडचा वर.

मी भामरे साहेबांकडे पळत गेलो. साहेब, तुम्ही वर सांगा, लीड कमी झाल्या म्हणून तर मशीन चालल्या.

"तुझ्या मशीन जाताहेत ना? वरचं वरचे बघतील."

"पण साहेब, ती—"

"गण्या, नीट ऐक. उद्या लीड चांगल्या झाल्या असं मी कबूल केलं, तर परवा एखाद्या महिन्यात मशीन गेल्या नाहीत तेव्हा मी काय सांगू?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. लीड खराब आहेत, हे साहेबांना हवंच आहे. ती त्यांची छत्री आहे. आणि देवेन सरांची छत्री तीस. दोघं कोरडे. भिजतो कोण?

२० नोव्हें., गुरु.

आज ग्रुपवर बत्तीस हिरवे आले. तिने परत सुरू केलं. येऊ का? या.

पाच घरं, पाच चहा. एका घरी पोहे पण.

जिन्यात भेटली. मी म्हणालो, हे काय केलंस. ती जी बोलली, अजून कानात आहे. "तुझ्या दहा मशीनसाठी मी नोकरी घालवू का? माझ्या पप्पांची कंपनी बंद पडून दोन वर्षं झाली, घर माझ्या पगारावर आहे. तू म्हणालास लाल दे, मी दिले. माझ्यासाठी कोण बोललं? तू बोललास?"

तुम्ही नाही, तू. पहिल्यांदाच. दादा पण नाही.

मी साहेबांशी बोललो होतो, पण ते बोलणं खालच्या मजल्यावरच राहिलं. तिला काय सांगणार? जिना उतरलो.

२२ नोव्हें., शनि.

देवेन सरांच्या केबिनला गेलो. उभं राहूनच सांगितलं, या म्हणजे घेणार असं नसतं, आमच्याकडे घरी येणाऱ्याला कोणी नको म्हणत नाही. त्यांनी ऐकलं, खरंच ऐकलं. मग म्हणाले, "इंटरेस्टिंग. तुझ्या साहेबांना हे मेलवर टाकायला सांग, मग मी विचार करतो."

साहेब मेल टाकणार नाहीत. ते सरांना माहीत. मला माहीत. साहेबांना तर माहीतच.

रूमवर येऊन नुसता पडलो. जेवलो नाही. असं वाटतं सगळं टाकून कुठं तरी बांधकामावर जावं. विटा उचलायला सांगितल्या की विटाच उचलायच्या असतात. तिथं हिरवं-लाल नसतं.

२५ नोव्हें., मंगळ.

नऊ. जुन्या लालमधलाच एक. शिव्या घातल्या आणि घेतली.

शेठने निरोप दिलाय, एक तारखेला सोमवारी सगळे बसू. "लीड कमी झाल्या त्या दिवसांत मशीन जास्त कशा गेल्या, ते मला त्या फिरणाऱ्या पोराच्या तोंडून ऐकायचंय." शेठला दिसलं एकदाचं! मला वाटलं सुटलो.

सुटलो कुठं. भामरे साहेबांनी गोडाऊनमधे नेलं, पोत्यांच्या मागं. "मेहनत केली म्हण. साहेबांनी मार्गदर्शन केलं म्हण. लाल-बिल काढायचं नाही. टाकून दिलेले नंबर चोरून घेतलेस ते कळलं तर पहिला तू जाशील. आणि मी तुला ओळखत नाही."

हसत होते सांगताना. म्हणूनच भीती वाटली.

२८ नोव्हें., शुक्र.

दहावी गेली! मालेगाव. यंत्रमागवाल्याच्या घरी, त्याची बायको पडद्याआडून भाव करत होती आणि तो नुसता बाहेर-आत निरोप नेत होता. "वो बोल रही है, जाली दो ज्यादा." दिल्या. "वो बोल रही है, और कम." म्हटलं, भाभीजीको बोलो, मैं रो दूंगा. आतून हसण्याचा आवाज आला, आणि पैसे आले.

माझी नोकरी राहिली. सोमवारी तोंड बंद ठेवलं की राहिली.

रुपीच्या होस्टेलवरून जाऊन आलो. गेटवरच पाच मिनिटं. बारीक झाली आहे. तिला सांगितलं सगळं, हर्षदाचं पण. वाटलं म्हणेल, दादा, आपलं बघ. ती म्हणाली, "मग ती आता काय करणार?" एवढंच. मी म्हणालो मला काय माहीत. आत जाताना तिने मागे वळून बघितलं.

२९ नोव्हें., शनि.

मशीनमागचे पैसे मिळाले. साहेबांनी सगळ्यांसमोर दिले, टाळ्या वाजवल्या.

हर्षदा खोकं भरत होती. पाण्याची बाटली, देवीचा फोटो, हेडफोनचा स्पंज. रोजचे तीस पुन्हा सुरू केले तरी महिन्याचे मधले दिवस भरून निघाले नाहीत. सोमवारी मीटिंगनंतर शेठ सही करणार.

म्हणालो, "लाल नंबरांची ती यादी आहे का अजून? कोणते मला दिले ते?"

"तुमच्याच मोबाइलवर आहे ना." परत तुम्ही.

"आणि तू माझ्या सांगण्यावरून दिलेस, असं मी सांगितलं तर चालेल?"

तिने स्पंज हातात फिरवला. "भामरे साहेब तुम्हाला काढतील."

"ते मी विचारलं नाही."

तिने फोटो खोक्यातून काढून परत टेबलावर ठेवला.

३० नोव्हें., रवि.

कपडे धुतले. पांढरा शर्ट वाळत घातलाय. काय बोलायचं ते आरशासमोर दोनदा बोलून बघितलं. पहिल्यांदा भांडण झालं. दुसऱ्यांदा रडायला येईल असं झालं. शेठ मधेच म्हणाले, मला नियम शिकवू नको, तर? देवेन सर म्हणाले, याचं शिक्षण किती, तर? साहेब तर म्हणणारच, मी याला ओळखत नाही.

म्हातारीचं वाक्य मात्र पाठ आहे. तेच आधी सांगणार. तिथून पुढचं येईल तसं.

आईचा फोन आला. "नोकरी बरी शे ना?" आज म्हणालो, उद्या सांगतो.

रुपी विचारेल, डिसेंबरसोबत जानेवारीचे पण एकदम कशाला. तिला पण उद्याच सांगीन.

पाठवले: बारा हजार.