'कालची पॅसेंजर'चं निष्पक्ष परीक्षण

१ डिसेंबर १९९९, बुधवार
आजपासून रेडिओवर 'कालची पॅसेंजर'. दर बुधवारी अर्धा तास, पाच भाग. परीक्षण मी लिहिणार. धोंडीरामशेठनी त्यांच्या साप्ताहिकात पाऊण पान दिलंय.
कथा अशी: देवळाली कॅम्पची एक बाई पॅसेंजरमध्ये बसते, नाशिकरोडला उतरते, तर तिथे आदला दिवस चालू असतो. मग ती दर भागात आणखी मागे जात राहते. विज्ञानकथा म्हणे. प्रमुख भूमिका सौ. साधना. म्हणजे आमच्याच.
याचा परीक्षणावर काडीचाही परिणाम होणार नाही.

२ डिसेंबर
काही गोष्टी इथे स्पष्ट लिहून ठेवलेल्या बऱ्या. जूनमध्ये रेडिओच्या आवाज-चाचणीला मी गेलो होतो. साधनाला नेलं ते समोरची वाक्यं वाचायला. मी तीस वर्षं हौशी रंगभूमीवर घासलेला माणूस, दिग्दर्शनाची दोन बक्षिसं. ती स्टेजवर एकदाच चढली, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात आभार मानायला. निवडीचं पत्र तिच्या नावाने आलं.
निर्माते योगेश म्हणाले, तुमचा आवाज स्टेजचा आहे. म्हणजे मोठा. म्हणजे यांच्या माइकला झेपत नाही.
मत्सर वगैरे काही नाही. असता तर लिहिला असता.

८ डिसेंबर, रात्री
दुसरा भाग. गाडीची शिट्टी कुकरची वाटते. बाई आदल्या दिवशीच्या स्वतःच्या घरी जाते, बेल दाबते, आणि आतून तिचाच आवाज येतो, कोण आहे? तिथे अंगावर काटा आला. पण खिडकी उघडी होती आणि थंडी कडाक्याची आहे.
शेजारपाजारचे ऐकायला आले होते. संपल्यावर सगळे साधनाभोवती. मला कुणीतरी विचारलं, चहा मिळेल का. केला.

१५ डिसेंबर
तिसरा भाग ऐकला नाही. कॉलेज रोडला मुद्दाम काम काढलं. समीक्षकाने कलाकृतीपासून थोडं अंतर ठेवावं.
परतताना रिक्षात रेडिओ चालू, साधनाचा आवाज. बंद करायला सांगितलं, तर रिक्षावाला म्हणाला, थांबा ना काका, ती बाई उतरू राहिली. लोकांची अभिरुची ही अशी.

२२ डिसेंबर
चौथा भाग. नवऱ्याचं पात्र फारच एकांगी लिहिलंय. बायको काळ ओलांडून समोर उभी आहे आणि हा पेपरातून डोकं वर काढत नाही. असं कुठे असतं? साधनाला तसं सांगितलं. ती काय म्हणाली ते नीट कळलं नाही, मी वाचत होतो.
शेवटच्या भागात दहा मिनिटं ती एकटीच बोलते म्हणे. रेकॉर्डिंग संपल्यावर स्टुडिओत कुणी काही बोललं नाही, असंही सांगत होती. मी म्हटलं, वाईट झालं की लोक गप्पच बसतात.

२५ डिसेंबर, शनिवार
साधना देवळालीला गेली, मोठ्या बहिणीकडे, विमलाबाईंकडे. कॅम्पातल्या बायका शेवटचा भाग तिच्यासोबत ऐकणार आहेत. बॅग दारात ठेवून परत आत आली आणि म्हणाली, "एवढा एक भाग नीट ऐका. मग काय लिहायचं ते लिहा."
ती कधी काही मागत नाही. त्यामुळे जरा चमत्कारिक वाटलं. ऐकेन म्हणालो, पण निष्पक्षपणे.

२६ डिसेंबर
निश्चय. बुधवारपर्यंत पेपर नाही, टीव्ही नाही, रेडिओ नाही. फोनचा रिसीव्हर काढून ठेवला. बँकेत रजा शुक्रवारीच टाकली होती. शेवटच्या भागाला कान कोरे हवेत. असा अभ्यास करणारा समीक्षक नाशकात दुसरा दाखवा.

२७ डिसेंबर
परीक्षण बरंचसं आजच लिहून टाकलं. नाव 'रुळांवरून घसरलेली पॅसेंजर'. शेवटचा भाग तेवढा ऐकायचा राहिलाय. शेजाऱ्यांनी दोनदा दार वाजवलं. उघडलं नाही.
पिठलं करपलं.

२९ डिसेंबर, बुधवार, रात्री
काय लिहू? मोठी गोष्ट घडली.
निवेदन मी तत्त्व म्हणून ऐकत नाही, म्हणून रेडिओ जरा उशिरा लावला. सारंगी चालू होती. वाट पाहिली. सारंगीच. गाडी नाही, शिट्टी नाही, बाई नाही. अर्धा तास नुसती सारंगी.
आधी राग आला. मग उलगडा झाला. योगेशने साधनाचं स्वगत कापलं! उशिरा का होईना, त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. आणि सारंगी तरी काय! काळ संपत आला की असंच काहीतरी ऐकू येत असणार. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.
साधनाचं वाईटही वाटलं. कॅम्पातल्या सगळ्या बायकांसमोर बिचारीची शोभा झाली असेल. आली की मोठ्या मनाने समजूत घालायची. पुढच्या चाचणीची तयारी मीच करून घेईन.
परीक्षणाचा शेवट बदलला. 'प्रमुख अभिनेत्रीचं स्वगत गाळून तिथे सारंगी ठेवणं, हा या मालिकेतला एकमेव प्रतिभेचा क्षण. बाईंच्या बोलण्यापेक्षा त्यांचं नसणं अधिक बोलकं आहे.' वाक्य फारच छान उतरलंय. लगेच जाऊन प्रेसच्या दाराखालून सरकवून आलो.

३१ डिसेंबर
अंक आला. माझं परीक्षण आतल्या पानावर, चौकटीत. रिसीव्हर जागेवर ठेवला, तोच फोन वाजला. धोंडीरामशेठ. ते तीन दिवस विंचूरला कांद्याच्या लिलावात होते, अंक छापून झाल्यावर वाचला म्हणे.
म्हणाले, "सर, दुखवटा हाय. दिल्लीत एवढे मोठे नेते रविवारी वारले. देशभर सारंगीच वाजू राहिली. तुम्ही तिचं परीक्षण केलं?"
शेवटचा भाग पुढच्या बुधवारी लागणार आहे. माझं सदर मात्र आजपासून बंद. त्या जागी राशिभविष्य येईल. नाताळच्या आदल्या दिवशी पळवलेलं विमान आठवडाभर अडकून होतं, हेही मला आजच कळलं, आणि ते आज सुटलंसुद्धा.
तरी सारंगीबद्दल जे लिहिलंय त्यात चूक काढता येणार नाही.
देवळालीला फोन केला. विमलाबाईंनी उचलला. साधनाने वाचलं, म्हणाल्या. मग म्हणाल्या, ती इथेच राहील काही दिवस.

१ जानेवारी २०००
नव्या शतकाचे संकल्प. कुणाबद्दल कडवट बोलायचं नाही. योगेश वगळून.

३ जानेवारी
बँकेत कॅशियरने विचारलं, सर, आज काय ऐकलंत? सगळं काउंटर हसलं. खेडवळ माणसं. साधनाला दोनदा फोन केला. एकदा ती बाजारात, एकदा आंघोळीला. विमलाबाईंना खोटं बोलता येत नाही.

५ जानेवारी, बुधवार, रात्री
आज शेवटचा भाग लागला. निवेदनापासून ऐकला. तिचं नाव घेतलं तेही ऐकलं.
बाई तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी उतरते. ओट्यावर एक मुलगी हळदीच्या हातांनी बसलेली. ती मुलगी हीच. मला वाटलं, आता ही तिला सांगणार, नको करूस हे लग्न. मी खुर्चीच्या कडेला येऊन बसलो होतो. ती काहीच सांगत नाही. पाणी मागते. मग त्या मुलीला विचारते, तुला काय काय आवडतं ते सांग मला. मुलीचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. फक्त साधना, मध्ये मध्ये हं म्हणणारी, मग? म्हणणारी, पुन्हा विचारणारी. जाताना म्हणते, बोलत राहा गं, कुणी ऐकलं नाही तरी मी ऐकलंय.
दोष काढायला कागद समोर घेतला होता. एकही सापडला नाही. शिट्टीसुद्धा आज खरी वाटली. सव्वीस वर्षांत हा आवाज मी ऐकला नव्हता. फार वाईट वाटलं, आणि अभिमानही वाटला, आणि तो कुणाला सांगावा हे कळेना.
नवीन परीक्षण लिहायला घेतलं. अर्ध्यावर आठवलं, सदर नाही.
देवळालीला फोन केला. मागे बायकांचा गलका होता. आज ती स्वतः फोनवर आली. मी म्हणालो, छान झालं. फार छान झालं.
मग म्हणाली, "का, आज कोण गेलं?"
कुणी नाही, म्हणालो. बरं म्हणाली आणि फोन ठेवला.